शिक्का मारला म्हणजे तपासलं?

अमेरिकेतल्या मिझुरी राज्यातल्या कॅन्सस सिटीच्या हयात रीजन्सी हॉटेलची दुर्घटना बहुतेक सिव्हिलवाल्यांना ऐकून माहीत असते. वर्गात फळ्यावर एक आकृती निघते, 'लोड दुप्पट झाला' म्हणून सांगितलं जातं आणि विषय तिथेच मिटतो. त्यानंतर साडेचार वर्षांनी दोन इंजिनिअरांचे परवाने नेमके कशासाठी रद्द झाले, हे सहसा कुणी सांगत नाही. रोज ड्रॉइंगवर सही करणाऱ्याच्या दृष्टीने तोच भाग जास्त कामाचा आहे.

आधी घटना. १७ जुलै १९८१, शुक्रवारची संध्याकाळ. हॉटेलच्या उंच लॉबीत नाचाचा कार्यक्रम चालू होता. लॉबीच्या वरून आरपार जाणारे तीन टांगते पूल होते. दुसऱ्या मजल्याचा पूल चौथ्याच्या बरोबर खाली, तिसऱ्याचा बाजूला वेगळा टांगलेला. सात वाजून गेल्यावर चौथ्या मजल्याचा पूल सुटून दुसऱ्यावर आला आणि दोन्ही मिळून खालच्या गर्दीवर कोसळले. ११४ माणसं गेली, दोनशेच्या वर जखमी झाली. हॉटेल उघडून जेमतेम वर्ष झालं होतं.

आता जोड. प्रत्येक पूल साधारण ३७ मीटर लांब, वजन २९ टनांच्या आसपास. मधे तीन ठिकाणी आडवे बीम, आणि प्रत्येक बीमच्या दोन्ही टोकांना ३२ मिलिमीटरचा रॉड. हा बीम म्हणजे दोन चॅनेल (इंग्रजी C च्या आकाराचे स्टीलचे तुकडे) समोरासमोर धरून कडांवर वेल्ड केलेली पोकळ पेटी. रॉडसाठी वरखाली भोक पाडलेलं, तेही नेमकं वेल्डच्या रेषेवर. खालून वॉशर आणि नट. भार पसरवणारी बेअरिंग प्लेट नाही, पेटीला आधार देणारा स्टिफनर नाही. पेटीची सगळ्यात कच्ची जागा निवडून तिथेच नट टेकवल्यासारखं झालं.

मूळ ड्रॉइंगमध्ये छतापासून दुसऱ्या मजल्याच्या पुलापर्यंत एकच अखंड रॉड होता. कागदावर हे सरळ दिसतं. पण चौथ्या मजल्याचा नट बसवायचा तर तो रॉडच्या खालच्या टोकाकडून फिरवत वर न्यावा लागणार, म्हणजे मधल्या सगळ्या लांबीवर आटे पाडायला हवेत. पूल चढवताना ते आटे घासून खराब होण्याची भीती वेगळीच. म्हणून फॅब्रिकेटरने, म्हणजे स्टीलचे भाग बनवून देणाऱ्या कंपनीने, दोन तुकडे सुचवले. एक रॉड छतापासून चौथ्या मजल्यापर्यंत, आणि दुसरा चौथ्या मजल्याच्या बीमलाच अडकवून, शंभर मिलिमीटर सरकवून, खाली दुसऱ्या मजल्यापर्यंत.

दोरीच्या मल्लखांबावर दोघे चढले आहेत असं समजा. दोघांनीही स्वतःच्या हातांनी दोरी धरली तर प्रत्येकाच्या पकडीवर फक्त त्याचंच वजन येतं. खालच्याने दोरी सोडून वरच्याचे पाय धरले, तर दोरीवरचा भार तेवढाच राहतो, पण वरच्याची पकड दोघांना पेलते. चौथ्या मजल्याच्या बीमखालचा नट हीच ती वरची पकड होती. ती पेटी भोकापाशी उघडली आणि नट बीममधून आरपार निघून गेला.

सगळा दोष फॅब्रिकेटरचा, असं इथे वाटून जातं. पण नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स या अमेरिकी सरकारी संस्थेच्या तपासात निघालं, की शहराच्या बिल्डिंग कोडप्रमाणे या जोडाला जेवढी ताकद हवी, तिच्या साधारण ६० टक्केच ताकद मूळ, अखंड रॉडच्या रचनेत होती. बदलानंतर ती ३१ टक्क्यांवर आली. म्हणजे बदल झाला नसता तरी जोड नियमात बसत नव्हता. कारण त्याचं गणित कुणी केलंच नव्हतं. इंजिनिअर म्हणत होते, स्टीलचे जोड फॅब्रिकेटरने डिझाइन करायचे असा प्रघात आहे. फॅब्रिकेटरच्या मते ड्रॉइंगवर तपशील काढून दिला होता, म्हणजे इंजिनिअरने तो डिझाइन केलेलाच होता. बदलाला फोनवर होकार मिळाला, हे फॅब्रिकेटरचं म्हणणं. असा फोन आलाच नाही, हे इंजिनिअरांचं. लेखी काहीच नाही.

इथे दोन वेगळे शिक्के आहेत. मूळ स्ट्रक्चरल ड्रॉइंगवर मुख्य इंजिनिअर जॅक गिलम यांचा परवान्याचा शिक्का होता. त्यांच्या हाताखाली प्रकल्पाचं काम पाहणारे इंजिनिअर होते डॅनियल डंकन. फॅब्रिकेटरकडून आलेली शॉप ड्रॉइंग (ज्यांवरून कारखान्यात भाग बनतात ती तपशीलवार ड्रॉइंग) १९७९ च्या फेब्रुवारीत तपासणीचा शिक्का मारून परत गेली, आणि दोन रॉडचा तपशील त्यांतच होता. पाहणाऱ्याने मापं पाहिली, जोडाची ताकद पाहिली नाही.

चूक पकडायची संधी नंतरही आली होती. १४ ऑक्टोबर १९७९ ला, बांधकाम चालू असतानाच, त्याच लॉबीच्या छताचा अडीचशे चौरस मीटरचा भाग खाली आला. त्यानंतर सगळे जोड पुन्हा तपासू, असा शब्द इंजिनिअरांनी दिला. पुलांचे जोड तरीही कुणी मोजले नाहीत. आर्किटेक्टने दोन रॉडच्या रचनेबद्दल विचारलं, तेव्हा ती ठीक आहे असं उत्तर गेलं, तेही गणित न करता. सुनावणीत हेच सगळ्यात जड गेलं.

मिझुरी राज्याच्या परवाना मंडळाने तक्रार केली आणि प्रशासकीय आयोगापुढे सुनावणी झाली. 'घोर निष्काळजीपणा' म्हणजे काय याची व्याख्या त्यात ठरली: व्यावसायिक कर्तव्याकडे जाणूनबुजून केलेली बेपर्वाई. नुसता हिशेब चुकला तर तो यात येत नाही. तपासायची जबाबदारी माहीत असून न तपासणं येतं. आर्किटेक्टला दिलेलं ते उत्तर गैरवर्तन ठरलं. गिलम यांचा बचाव असा, की तपशील त्यांनी स्वतः पाहिला नव्हता. तो टिकला नाही. कायद्याने ज्याचा शिक्का त्याची जबाबदारी, काम वाटून दिलं तरी जबाबदारी वाटली जात नाही. १९८६ च्या जानेवारीत मिझुरीतले दोघांचे परवाने रद्द झाले, १९८८ मध्ये अपील न्यायालयाने ते कायम केलं. फौजदारी खटला मात्र कुणावरच झाला नाही. इंजिनिअरांच्या व्यावसायिक संस्थेने गिलम यांचं सदस्यत्व तीन वर्षं निलंबित केलं. सदस्यत्व गेलं तरी काम करता येतं, परवाना गेला की थांबावंच लागतं.

शॉप ड्रॉइंग पाहताना यातून काय घ्यायचं? हँडबुकातले नेहमीचे क्लीट आणि बोल्टचे जोड एका बाजूला काढा. जो जोड तक्त्यात सापडत नाही, त्याच्याशेजारी ड्रॉइंगवरच किलोन्यूटनमध्ये बल लिहा आणि तो कोण डिझाइन करणार हेही लिहा. 'फॅब्रिकेटरप्रमाणे' एवढंच लिहून सोडणं म्हणजे भांडणाची सोय करून ठेवणं. मग भार स्लॅबपासून वरच्या अँकरपर्यंत बोटाने चालवत न्या, वाटेतल्या प्रत्येक नटापाशी आणि वेल्डपाशी आकडा टाका. एकाचे दोन भाग झाले, भोक सरकलं, प्लेट गाळली, की गणित पहिल्यापासून. फोनवर होकार दिलाच, तर त्याच दिवशी शीट नंबर आणि रिव्हिजन टाकून ईमेल. हे करायला एका जोडाला अर्धा तास लागतो. मुदत डोक्यावर असताना हाच अर्धा तास आधी कापला जातो.

आपल्याकडचं चित्र उलटं आहे. आर्किटेक्टसाठी १९७२ चा कायदा आहे, गैरवर्तनाबद्दल नाव काढून टाकणारी कौन्सिल आहे. इंजिनिअरांसाठी देशभर लागू असा परवान्याचा कायदा नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरची नोंदणी स्थानिक संस्थांच्या नियमांतून होते. १४ मार्च २०१९ ला मुंबईत सीएसएमटीजवळचा हिमालय पूल पडला. त्याआधीच्या स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये किरकोळ दुरुस्त्या सुचवून तो वापरायला ठीक ठरवला होता. चारच दिवसांत ऑडिटरला पोलिसांनी अटक केली. मिझुरीत जे झालं नाही ते इथे पहिल्या आठवड्यात झालं. पण ऑडिट करताना कुठे हातोडीने ठोकून पाहिलं, कोणता भाग न पाहता 'ठीक' लिहिला गेला आणि ही त्या पेशाच्या दृष्टीने चूक होती की बेपर्वाई, हे ठरवायला इंजिनिअरांचं परवाना मंडळच आपल्याकडे नाही.