बरण्यांचा दिवस

आज अख्खा रविवार बरण्यांनी खाल्ला. लोणचं कालवायला तासभर, बरण्यांना सकाळपासून संध्याकाळ!

वर्षभर साठवलेल्या मधाच्या, जॅमच्या, कॉफीच्या बरण्या बाहेर काढल्या. तोंडाच्या कडेवरून बोट फिरवलं की कळतं. दोनांचा टवका उडालेला, त्या बाद. पत्र्याच्या झाकणाच्या तर आता नादीच लागत नाही. गेल्या वर्षी मीठ आणि कैरीच्या आंबटाने झाकण आतून गंजलं आणि दोन किलो कैरीचं लोणचं टाकून द्यावं लागलं. सासूबाई एक अक्षर बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं.

यंदा सगळं त्यांच्या पद्धतीने. बरण्या गार पाण्यात ठेवून मग गॅस पेटवला (उकळत्या पाण्यात गार काच सोडली की तडकते, हेही हात पोळूनच शिकलेय). उन्हात खडखडीत वाळवल्या. मग निखाऱ्यावर हिंग टाकून त्यावर बरणी उपडी. लेक आतून ओरडला, "आई, काय जळतंय?"

फोडणी पूर्ण गार झाल्यावरच ओतली. फोडींच्या वर बोटभर तेल. मला इतकी वर्षं वाटायचं, दादरा (बरणीच्या तोंडाला बांधायचं फडकं) हवा अडवतो. छे! हवा अडवतं ते तेल. दादरा धुळीपुरता, मुंग्यांपुरता.

सुतळी आवळताना सासूबाईंनी गाठीवर बोट धरलं. म्हणाल्या, "आता कोरडा डाव वेगळा काढून ठेव."