जुळे सोलापुरातला टँक

मी ॲक्वेरियमची कामं करतो, त्यातले मरीन म्हणजे खाऱ्या पाण्याचे टँक सोलापुरात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यातला एक जुळे सोलापुरात, एका साहेबांच्या हॉलमधे. गेल्या मेमधे सकाळी सातला त्यांच्या मुलाचा फोन आला, काका लवकर या, ॲनिमोनी पांढरी झालीय. ॲनिमोनी म्हणजे फुलासारखा दिसणारा समुद्रातला प्राणी. तसाच निघालो. घरचे चार दिवस लग्नाला गेलेले, मागे पाणी गार ठेवणारा चिलर बंद पडला आणि आपला सोलापूरचा मे, बंद हॉलची नुसती भट्टी झालेली. थर्मामीटर ३२ दाखवत होता, आमचं सेटिंग असतं २५ चं.

चांगली चॉकलेटी होती ओ ती, आता भिजवलेल्या साबुदाण्यासारखी आरपार दिसत होती, आणि ते दोन क्लाउनफिश तरीपण तिलाच चिकटून बसलेले. मला गलबलून आलं.

आधी टायमरवरचे लाइट बंद केले, कारण गरम पाण्यात प्रखर उजेड म्हणजे दुहेरी मार. मग सम्पवर, म्हणजे टँकला जोडलेल्या पाण्याच्या टाकीवर, टेबलफॅन लावला, आपल्याकडची हवा कोरडी त्यामुळे पाणी उडतं आणि तेवढ्यानंच दोनेक डिग्री उतरतात. शेजारच्या आइस्क्रीमवाल्याच्या फ्रीजरमधे बाटल्या गोठवून एकेक सोडत राहिलो, एकदम गार केलं तर धक्क्यानंच जाते. २६ व्हायला रात्र झाली.

पोरगा दिवसभर हलला नाही. मेली का विचारत होता. म्हटलं नाही रे, हिच्या अंगात बारीक शैवाल राहतं, तेच रंग देतं आणि उन्हातून खाणं बनवून हिला पोसतं, पाणी तापलं की ती ते बाहेर टाकते, आता उपाशी आहे. समुद्रात प्रवाळाचं हेच होतं, तिथं तर नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एक डिग्री जास्त महिनाभर टिकली तरी पुरते. २०२४ ला लक्षद्वीपची प्रवाळं अशीच पांढरी पडली, जगभर पडली, १९९८ पासूनची ही चौथी मोठी वेळ. तिथं बर्फाच्या बाटल्या कोण सोडणार?

रात्री साहेब म्हणाले, ही गेली तर मालवणहून मित्राला खरं प्रवाळ आणायला सांगतो. मी स्पष्ट नाही म्हटलं. वन्यजीव कायद्यात वाघ ज्या शेड्यूल एकमधे आहे त्यातच प्रवाळ आहे, आणि कायदा सोडा, गोळ्यासारखं वाढणारं प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटीमीटरभर वाढतं, हातभर तुकडा म्हणजे चाळीस-पन्नास वर्षांचा जीव आणि तो तोडायला एक मिनिट लागत नाही. स्नॉर्कलिंगला गेलात तरी त्यावर पाय ठेवू नका, नांगर टाकू देऊ नका, एवढं तरी करा म्हटलं. साहेब गप्प झाले, मग मित्राला फोन करून नको म्हणून सांगितलं, माझ्यासमोर.

पुढं पोरगा आठवड्यातून दोनदा चिमट्यानं कोळंबीचा बारीक तुकडा तिला भरवायचा. गणपतीत त्याचा फोटो आला, टोकाला पुसटसा चॉकलेटी रंग दिसत होता.