आमची वाटचाल : किलोवरून सेंटिमीटरवर

आमचं मूळ काम शाळेच्या दप्तरांचं. पुण्यात भवानी पेठेत दोन मशीन, कटिंगला एक मास्तर. जूनचा सीझन सरला की हात रिकामे. अशातच ओळखीतल्या एकांनी त्यांच्या पग जातीच्या कुत्र्यासाठी, त्याला आत बसवून न्यायची प्रवासाची बॅग शिवून मागितली. ती जमली आणि पाठोपाठ ऑर्डरी यायला लागल्या.

तेव्हा आम्ही बॅगांची मापं कुत्र्याच्या किलोवर ठेवली होती. पाचपर्यंत लहान, नऊपर्यंत मध्यम. एक काकू त्यांच्या डॅशहुंड जातीच्या कुत्र्यासाठी बॅग घ्यायला आल्या. वजन साडेआठ, म्हणून मध्यम दिली. साताऱ्याला जाऊन आल्यावर त्या त्याला कडेवर घेऊनच दुकानात आल्या. जाळीवर घासून घासून नाकाचा शेंडा सोलला होता. पगही साडेआठ किलोचाच होता, पण तो आखूड आणि रुंद, हा लांबुळका. चूक सर्वस्वी आमची. पैसे परत केले, पण ते लालभडक नाक मला आजही दिसतं.

मग आयाटा या विमान कंपन्यांच्या संघटनेची मापाची रीत शिकलो. कुत्रा चारी पायांवर उभा असताना नाकाच्या शेंड्यापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी, अधिक जमिनीपासून कोपरापर्यंतच्या उंचीची निम्मी. काकूंचा डॅशहुंड ५० सेंमी, कोपर १२ वर. म्हणजे आतून ५६ हवे होते. आमची बॅग ४८ची! रुंदी खांद्यांच्या दुप्पट. उंची डोक्यापर्यंत, कान ताठ असतील तर कानांच्या टोकापर्यंत, वर गादीची जाडी. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना आधीच धाप लागते, त्यांना दहा टक्के जास्त.

बसलेल्या कुत्र्याचं माप कृपया पाठवू नका, ते हमखास चुकतं. टेप दिसला की पिल्लं चावायला धावतात, म्हणून मास्तर आधी नाडी लावतात, गाठ मारतात आणि नंतर ती टेपवर धरतात.

‘ऐसपैस असू दे’ म्हणून फार मोठी बॅग मागू नका. गाडीला ब्रेक लागला की कुत्रा आत आपटतो. उभं राहता यावं, वळता यावं, पाय पसरून झोपता यावं, एवढी पुरते. वाढत्या पिल्लाला आम्ही थांबायलाच सांगतो.

विमानाच्या केबिनसाठी बॅग हवी असेल तर सीटखालच्या जागेचं माप आधी कंपनीकडून मागवून घेतो. तेवढ्या उंचीत कुत्रा उभा राहत नसेल, तर ऑर्डर घेत नाही.