मदुराईला जागायला जा

मदुराईहून आल्यापासून "देवळाशिवाय तिथे आहे काय?" हे इतक्या जणांनी विचारलंय की शेवटी लिहायलाच बसले. विचारणाऱ्यांना तरी काय बोल लावायचा? आपल्याकडच्या दक्षिण सहलींत मदुराई म्हणजे रामेश्वर आणि कोडाईकनालच्या मध्ये लागणारा जेवणाचा थांबा. दुपारी पोचायचं, तेव्हा देऊळ बंद. चारला उघडलं की धावतपळत दर्शन, बाहेर येऊन गोपुरासमोर सगळ्यांचा एक फोटो आणि दिवेलागणीला बस घाटाच्या दिशेने. जे शहर रात्रीच खरं रंगात येतं, तिथून आपण नेमका संध्याकाळी काढता पाय घेतो.

आमचंही तेच व्हायचं. पण बस सुटायच्या वेळी सासूबाईंनी जाहीर केलं, "मला काही त्या डोंगरावर यायचं नाही. गुडघे आधीच धरलेत." आमच्या ह्यांनी सहलीच्या माणसाशी परताव्यावरून बरीच हुज्जत घातली, एक रुपया सुटला नाही, आणि आम्ही तिघं बॅगांसकट रस्त्यावर उतरलो. रामेश्वरबद्दल विचाराल तर बावीस तीर्थांचं पाणी डोक्यावर घेऊन ओल्या साडीत कुडकुडले, एवढंच आठवतंय.

लॉज मिळाला तो मासी रस्त्याला. मदुराईची रचना झकास आहे. मधोमध मीनाक्षीचं देऊळ आणि त्याच्याभोवती एकाबाहेर एक रस्त्यांचे चौकोन, त्यांना तमिळ महिन्यांची नावं. चित्तिरै, आवणी मूल, मासी. वाट चुकलात तरी कुठल्या ना कुठल्या गोपुराचं टोक दिसतंच. एकूण चौदा गोपुरं, त्यातलं दक्षिणेचं सगळ्यात उंच, जवळजवळ 170 फूट. रंग मात्र फार भडक. देवळाला इतका पोपटी आणि गुलाबी मला झेपत नाही. कोरीवकामाने जीव दडपतो तो आत गेल्यावर, काळ्या दगडाच्या खांबांतून चालताना.

आत जायला आधी मोबाइल जमा करावा लागतो. 2018 साली देवळाच्या पूर्वेच्या मंडपात आग लागली, त्यानंतर मोबाइलला बंदी आली. चपलांची एक रांग, मोबाइलची दुसरी, तपासणीची तिसरी. या तीन रांगांत माझा संयम संपला. ह्यांच्या पोटरीवर आलेल्या पँटकडे एका रखवालदाराने असं बघितलं की ते मुकाट परत जाऊन लुंगी घेऊन आले. भर बाजारात नेसायला शिकवली दुकानदाराने.

पण रात्री नऊच्या सुमारास जे पाहिलं, ते मोबाइल असता तर तसं दिसलं नसतं, असं माझं ठाम मत झालंय.

आपल्याकडे जशी शेजारती, तशी तिथे पळ्ळियरै पूजा. फरक असा की इथे देव आपल्या जागी झोपत नाही. सुंदरेश्वर, म्हणजे शंकर, रोज रात्री पालखीत बसून बायकोच्या महालात झोपायला जातो. पालखीत मूर्ती नसते, पादुका असतात. आम्ही दोन गाभाऱ्यांमधल्या वाटेवर भिंतीला पाठ लावून उभे होतो. गर्दी होती, पण दुपारच्या दर्शनाची नव्हे. ही सगळी घरची माणसं वाटत होती. शाळेचं दप्तर पाठीला असलेली एक मुलगी, दुकान बंद करून आलेले दोघं, कमरेला किल्ल्यांचा जुडगा असलेल्या एक आजी. आधी नागस्वरम, म्हणजे तिकडची लांब सनई, ऐकू आली, त्या दगडी बोळात आवाज अंगावरच येतो. मग धुपाचा लोट, आणि त्या धुरातून पडदे लावलेली चांदीची पालखी. भोई अगदी हळू चालत होते. मध्येच थांबले. पुजाऱ्याने पडद्याशी पंखा घातला, एकाने तमिळमध्ये आळवायला सुरुवात केली. सगळे हात जोडून बघत होते. समोरच्याचा वर गेलेला हात नाही, मोबाइलचा चमकणारा पडदा नाही, मला आख्खी पालखी दिसली.

सासूबाईंनी कानाशी येऊन विचारलं, "हा रोज इकडेच येतो?"

"हो. पहाटे परत जातो म्हणे."

"ती नाही जात त्याच्याकडे?"

"नाही. राज्य तिचं ना आई. ती इथल्या पांड्य राजांची राजकन्या. हा लग्न करून इथे आला. दर्शनसुद्धा आधी तिचं घ्यायचं, मग ह्याचं."

"म्हणजे घरजावई म्हण की!" इतक्या मोठ्याने म्हणाल्या की शेजारच्या किल्लीवाल्या आजी वळून बघायला लागल्या. मराठीचं अक्षर कळलं नसेल, पण सासूबाईंच्या चेहऱ्यावरून काहीतरी कळलं, कारण त्यांनी हसून आपलं बोट आधी मीनाक्षीच्या गाभाऱ्याकडे केलं आणि मग तीच मूठ वर करून दाखवली. इथे चालतं ते तिचं. दोघींची भाषा शून्य आणि गप्पा दहा मिनिटं.

नंतर सासूबाई बराच वेळ पंढरपुरावर होत्या. रखुमाईचं देऊळ मागे वेगळं, ती रुसून दिंडीरवनात बसली ती बसलीच, आणि विठोबा आपला विटेवर. "इथल्यासारखी पालखी काढून रोज रात्री गेला असता तर मिटलं असतं की," हे त्यांचं म्हणणं. यावर मी काय बोलणार?

त्याच देवळात मुक्कुरुणी विनायगर आहे, एका दगडातला भलामोठा गणपती. मदुराईचा राजा तिरुमलै नायक याने सतराव्या शतकात तेप्पकुळम तलाव खोदवला तेव्हा मातीत सापडला म्हणतात. गणेश चतुर्थीला तीन कुरुणी (हे धान्याचं जुनं तमिळ माप) तांदळाचा एकच मोदक करून त्याला दाखवतात. एकच! मी आयुष्यभर एकवीस मोदकांच्या पाऱ्या फाटू नयेत म्हणून धडपडतेय, त्यामुळे तो उकडतात कसा हे जाणून घेण्याची फार इच्छा होती. पण ते सांगेल असा कुणी भेटला नाही.

बाहेर आलो तर दहा वाजून गेलेले आणि रस्त्यावर ही गर्दी. पोरंबाळं, म्हाताऱ्या, सगळे खायला बाहेर. कोपऱ्याकोपऱ्यावर कोत्तु परोट्ट्याचा खणखणाट. तव्यावर परोटा, अंडं आणि सालना, म्हणजे पातळ रस्सा, घालून दोन लोखंडी पात्यांनी असा ताल धरतात की पाय आपोआप थांबतात. जिगरठंडा प्यायलात तर मोठा ग्लास घेऊ नका. आटवलेलं दूध, बदामाचा डिंक, नन्नारीचं, म्हणजे अनंतमुळाचं सरबत आणि वर आइस्क्रीम. मला अतिगोड लागलं, ह्यांनी दोन संपवले. माझा जीव जडला तो परुत्ति पालवर. सरकीचं दूध हो, गुळ, सुंठ, वेलची घालून उकळलेलं, गाडीवर पितळी भांड्यातून देतात. आपण विदर्भात इतका कापूस पिकवतो आणि सरकी म्हशीला घालतो, हे तिथे उभं राहून पहिल्यांदा खुपलं.

पहाटे सासूबाईंना उठवून माट्टुतावणीच्या फुलबाजारात नेलं. नेलं काय, त्याच आधी तयार होत्या. मदुराईचा मोगरा प्रसिद्ध, त्याला 2013 साली भौगोलिक मानांकनही मिळालंय. कळ्या उजाडायच्या आत खुडतात, मिटलेल्याच विकतात आणि त्या संध्याकाळी वेणीत उमलतात, असा सगळा हिशोब. गोणपाटावर कळ्यांचे ढीग, भोवती लिलावासारखी आरडाओरड, आणि वास इतका की थोड्या वेळाने डोकं जड होतं. आम्ही गेलो तेव्हा तै, म्हणजे संक्रांतीला सुरू होणारा तमिळ महिना, लागला होता. त्याआधीच्या मार्गळी महिन्यात लग्नं नसतात, तै लागला की मुहूर्तांची झुंबड. त्यात थंडीत कळी धरत नाही. किलोचा भाव चार आकड्यांत ऐकून ह्यांनी आधी पाकीट आणि मग माझ्याकडे बघितलं.

किलो कोण घेतंय? देवळाबाहेर बायका केळीच्या सोपाच्या दोऱ्यात गजरे ओवत बसलेल्या असतात आणि विकतात ते 'मुळम' या मापाने. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक मुळम. माप विकणारीच्या हाताचं. सासूबाईंना हे कळायला एक मिनिट लागलं. लगेच उठल्या, रांगेतल्या सगळ्या बायकांवरून नजर फिरवली आणि म्हणाल्या, "त्या शेवटच्या उंच बाईकडे चल. हात बघ तिचा." त्या उंच बाईने दोन मुळम मोजताना सासूबाईंची नजर आपल्या कोपराला चिकटलेली पाहिली आणि हसत चार बोटं वाढवून दोरा तोडला.

सुंगुडीचं दुकानही असंच लक्षात राहिलं. सुंगुडी म्हणजे बांधणीच्या ठिपक्यांची सुती साडी, ती तिथल्या सौराष्ट्री लोकांची. हा समाज शेकडो वर्षांपूर्वी गुजरातेतून निघाला आणि विजयनगरमार्गे मदुराईला पोचला. घरात अजून त्यांची स्वतःची भाषा बोलतात. दुकानदार बापलेक आपसांत बोलत होते तेव्हा मध्येच एखादा शब्द ओळखीचा निघायचा आणि आम्ही चमकायचो. वडील मोडक्या हिंदीत म्हणाले, आमचे पूर्वज वाटेत देवगिरीलाही राहिलेत. सासूबाईंचं माहेर संभाजीनगरचं. मग काय विचारता! भाव करणं तिथेच थांबलं आणि एकीच्या तीन साड्या झाल्या.

तिरुमलै नायकाचा महाल 1636 चा, खांबांना मिठी मारायला तीन माणसं लागतील असे जाड, पण कबुतरांनी वैताग आणला. गांधी संग्रहालय मात्र चुकवू नका. गोळ्या लागल्या तेव्हाचं, रक्ताचे डाग असलेलं वस्त्र तिथे आहे. गांधीजींनी सदरा-टोपी सोडून पंचा नेसला तोही याच गावात, 22 सप्टेंबर 1921 ला, आमच्या लॉजपासून चालत जाता येईल अशा पश्चिम मासी रस्त्यावरच्या घरात. आणि आम्ही ज्या देवळात रात्री निवांत उभे होतो, तिथे दलितांना प्रवेश मिळाला तो 8 जुलै 1939 ला, वैद्यनाथ अय्यर त्यांना सोबत घेऊन आत गेले तेव्हा. पंढरपुरात साने गुरुजींना त्यासाठी 1947 साली उपोषणाला बसावं लागलं. सासूबाईंनी हे वडिलांकडून ऐकलेलं होतं. त्या हिशोब करून म्हणाल्या, "म्हणजे हे आपल्याआधी आठ वर्षं."

आता त्यांना चैत्रात परत जायचंय, चित्तिरै उत्सवाला. मीनाक्षीचं लग्न लागतं आणि तिचा भाऊ, म्हणजे अळगर-विष्णू, सोन्याच्या घोड्यावरून लग्नाला निघतो. वैगै नदीत उतरतो तर कळतं की लग्न लागूनही गेलं, मग रुसून गावात न येताच परत फिरतो. नदी एरवी कोरडी, त्या दिवसासाठी धरणाचं पाणी सोडतात. "पण देवळातल्या खांबावर तर विष्णूच कन्यादान करतोय," सासूबाईंनी साडीवाल्याला पकडलंच. तो म्हणाला, ते जवळच्या तिरुप्परंकुंद्रमचे पेरुमाळ, म्हणजे तिथल्या देवळातला विष्णू, हा भाऊ वेळेवर आला नाही म्हणून त्यांनी केलं. सासूबाईंचं समाधान झालं. लग्नात एक भाऊ रुसणार आणि दुसरा निस्तरणार, हे त्यांना पटण्यासारखंच होतं.

ह्यांनी तारखा बघून ठेवल्यात. एप्रिल-मेच्या उन्हात, लाखोंच्या गर्दीत, रात्रभर नदीकाठी गुडघे धरून बसायचं आहे, हे मात्र दोघांपैकी कुणीही आईंना सांगायला तयार नाही.