तुम्ही विचारलंत म्हणून: रूळ वर काहून नेले?

"काहून बाप्पा, चांगली जमिनीवर होती ना गाडी? नागपुरात उड्डाणपूल काय कमी होते म्हणून घरातही एक?"

शब्द बदलतात, प्रश्न हाच असतो. विचारणाऱ्यांनी माझ्या अंगणातल्या छोट्या मॉडेल रेल्वेची जुनी लाइन पाहिलेली असते: तीस मीटरचा फेरा, गवतातून, लिंबाच्या झाडाखालून, मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. आता तीच लाइन जमिनीपासून ४५ सेंटिमीटर वर, चौतीस खांबांवर आहे. दिसायला ती पूर्वीइतकी छान नाही, हे मला सांगावं लागत नाही. रोज दिसतं.

एका शब्दातलं उत्तर: काळी माती. ते कोणाला पटत नाही. "ऊन म्हणा ना," असं म्हणतात. ऊन अर्धं खरं आहे आणि त्या अर्ध्या खऱ्यानंच एक पावसाळा वाया घालवला.

आधी माझ्याच जुन्या मताबद्दल. जमिनीवरून जाते तीच छोटी लाइन (म्हणजे नॅरोगेज), हे मत माझंच. छिंदवाड्याची गाडी २०१५ मध्ये थांबली, नागभीडची २०१९ मध्ये. ज्यांनी त्या पाहिल्या त्यांना रूळ आठवतो तो गवतात अर्धा बुडालेलाच. खांबांवर चढवली की ती मोनोरेल, असंही मीच म्हणत असे. ते मत मी सोडलेलं नाही. फक्त त्या मतावर गाडी चालत नाही.

स्केलचा, म्हणजे मॉडेल खऱ्याच्या कितव्या भागाएवढं याचा, वाद इथं नको. ७६२ मिमीचा खरा गेज (दोन रुळांमधलं अंतर) भागिले ४५ मिमीचा बागेतला रूळ, म्हणजे १:१७ च्या जवळ. तयार सामान १:१९ नाहीतर १:२२.५ चं मिळतं, म्हणून चाकं विकतची आणि वरचं सगळं घरचं. रूळ २५० कोडचा (कोड म्हणजे उंची, इंचाच्या हजाराव्या भागांत), ६.३५ मिमी उंच, पितळी. १:१७ मध्ये तो साधारण ५० पौंडी (यार्डाला ५० पौंड वजनाच्या) रुळासारखा दिसतो. ३३२ कोडचा मजबूत असतो, पण या मापात तो ब्रॉडगेजच्या ९० पौंडी रुळाएवढा भरतो आणि छोट्या लाइनचं सोंग उघडं पडतं. स्लीपर सागाचे, ९० मिमी लांब, लाकडाच्या टालीवरच्या कापांतून. आंबा किंवा पाइन वापराल तर एका पावसाळ्यात वाळवीचं जेवण होईल.

आता मूळ गोष्ट. जुनी लाइन जानेवारीत घातली होती. १५ सेंमी खोल चर, त्यात २० सेंमी रुंद आणि ७५ मिमी जाड काँक्रीटची पट्टी, १:२:४ (सिमेंट, वाळू, खडी), सळई न घालता. तेव्हा वीज रुळातूनच होती, म्हणून करंट तुटू नये यासाठी सगळे जोड डाखलेले. सरळ भाग ९ मीटर, फट एकही नाही. सकाळी १५ अंशांत घट्ट बसवलेला.

पितळ दर मीटरला दर अंशाला ०.०१९ मिमी वाढतं. मे महिन्यात हवा ४५ अंशांवर जाते आणि उन्हातला रूळ ६० च्या आसपास. म्हणजे ४५ अंशांचा फरक, ९ मीटर, वाढ ७.७ मिमी. ऐकायला ही करंगळीच्या नखाएवढी. पण दोन्ही टोकं अडकलेली असली तर ही लांबी बाजूला जाते, आणि एकाच कमानीत वाकली तर गणितानं मधोमध सुमारे १६ सेंमी येतात. स्क्रूंनी धरल्यामुळे तेवढं झालं नाही. एका जागी आठ स्क्रू उपटले आणि दीड मीटरचा साप झाला.

इथं निदान चुकलं. साप दिसला, म्हणून दोष उन्हाचा. रूळ दीड-दीड मीटरवर कापले, फटी ठेवल्या, वीज रुळातून काढून इंजिनात बॅटरी बसवली. ही सगळी कामं बरोबरच होती, आजही तशीच आहेत. पण जूनच्या दुसऱ्या पावसानंतर गाडी परत घसरू लागली, तीही फटींवर नाही. बोगीचे (खाली चाकांचे दोन फिरते सांगाडे असलेले) डबे निघून जात, चार चाकांचे डबे ठरावीक दोन जागी उतरत. चार चाकांच्या डब्याला स्प्रिंग नसेल, तर दोन आसांमधल्या लांबीत एक रूळ दुसऱ्यापेक्षा मिलिमीटरभर पिळला तरी एक चाक हवेत जातं. त्या दोन जागी काँक्रीटच तुटलं होतं आणि दोन तुकड्यांत ५ मिमीची पायरी होती.

मग गवंड्याची पाण्याच्या नळीची लेव्हल काढली. घराच्या प्लिंथवर खिळा ठोकला (घर स्वतः हलत नाही असं धरून, नाइलाजानं) आणि दर दोन मीटरवर मोजलं. जानेवारीच्या खुणा पेन्सिलनं भिंतीवर होत्याच. लिंबाकडचं टोक मेअखेर २१ मिमी खचलेलं होतं आणि जुलैमध्ये जानेवारीपेक्षा ९ मिमी वर. तीस मिलिमीटरचा श्वास: काळी माती वाळली की आकसते, भिजली की फुगते. खिडकीकडचं टोक मात्र वर्षभर दोन-तीन मिमीच्या आत.

खिडकीकडचं का नाही हललं? कारण त्या खिडकीत कूलर आहे. एप्रिल ते जून त्याचं जास्तीचं पाणी त्या कोपऱ्यात ठिबकतं, माती ओली आणि फुगलेलीच राहते. चार मीटरवर लिंबाचं झाड मुळांनी पाणी ओढतं आणि तिथं मेमध्ये तीन बोटं जातील एवढ्या भेगा. एकाच पट्टीचं एक टोक ओल्या मातीवर, दुसरं भेगांवर, मध्ये सळई नाही. ती तुटणारच होती. ऊन नसतं तरी तुटली असती. कूलर हलवता येत नाही का, हाही प्रश्न येतो. नागपुरात मे महिन्यात कूलर हलवा म्हणणाऱ्याला काय उत्तर देणार.

माती किती फुगते हे घरी कळतं. वाळवून बारीक केलेली माती ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून काढा. दोन मापपात्रांत १०-१० ग्रॅम टाका. एकात पाणी, दुसऱ्यात रॉकेल, दोन्ही १०० मिलीपर्यंत. बुडबुडे हलवून काढा, २४ तास ठेवा. रॉकेलात माती फुगत नाही. दोन्ही आकड्यांतला फरक, भागिले रॉकेलातला आकडा, गुणिले १००. पन्नासच्या वर आलं तर जमिनीवर काँक्रीटची पट्टी टाकू नका. इथं रॉकेलात १० आणि पाण्यात १७ मिली आले, म्हणजे ७० टक्के. हे मापन आधी केलं असतं तर हा लेख लिहावाच लागला नसता, हे मान्य.

"मग मुरूम भरायचा ना," असं दुसरे म्हणतात. हिशेब करा. इथं मुरूम १.१ मीटरवर लागतो. ३० मीटर लांब, ६० सेंमी रुंद, १.१ मीटर खोल म्हणजे जवळपास २० घनमीटर माती बाहेर आणि तेवढाच मुरूम आत, १५-१५ सेंमीचे थर पाणी मारून धुमसलेले. लिंबाची मुळं कापून. ज्यांच्या अंगणात फूटभरावरच कडक मुरूम किंवा दगड लागतो त्यांनी खुशाल जमिनीवर घालावी. त्यांचा मला हेवा वाटतो, राग नाही.

खांबांचं काम असं. हाताच्या ऑगरनं (जमिनीत भोक पाडायच्या गिरमिटानं) १५ सेंमी व्यासाचं भोक, मुरमात आणखी १५ सेंमी आत. तळाशी थोडं काँक्रीट, त्यावर ११० मिमीचा पीव्हीसी पाइप, आत १० मिमीची एक सळई आणि १:२:४ काँक्रीट. चौतीस खांबांना चार पोती सिमेंट पुरतं. पाइप फक्त साच्यासाठी नाही. फुगणारी माती खांबाला कवटाळून वर ओढते, गुळगुळीत पाइपवरून ती घसरते. तरीही पाइपवर ग्रीस लावून जाड पॉलिथिनचे दोन वेढे द्या. भोवतीच्या फटीत दगडाची चुरी सैल टाका, धुमसू नका, आणि वरचे १० सेंमी मातीनं बंद करून उतार बाहेर द्या. नाहीतर पावसाचं पाणी थेट तळाशी जाईल.

प्रत्येक खांबात ८ मिमीचा थ्रेडेड रॉड, त्यावर पट्टी, वर-खाली एकेक नट. लेव्हल बदलली की पाना फिरवायचा. त्यावर २५ मिमीच्या दोन चौकोनी लोखंडी नळ्या, रेड ऑक्साइड लावलेल्या, आणि वर १२ मिमीचा सिमेंट बोर्ड. नळ्याही वाढतात. सहा मीटरला ५५ अंशांच्या फरकात ४ मिमी. म्हणून बोल्टची भोकं लांबट ठेवा, आणि नळीचा जोड येतो तिथंच रुळाची फट आणा. हे विसरलं तर बोर्डाला चीर पडते.

फटीचं माप: दीड मीटरच्या रुळाला २५ अंशांत १.२ मिमी. हॅकसॉची दोन पाती एकत्र धरा, बरोबर बसतात. तापमान हवेचं नाही, रुळाचं मोजा. बंदुकीसारखा थर्मामीटर चकचकीत पितळावर खोटा आकडा दाखवतो, म्हणून काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवून त्यावर धरा. फिशप्लेटला (दोन रूळ जोडणाऱ्या पट्टीला) ग्राफाइट चोळा. तेल नको, धूळ धरतं.

बॅटरी तीन लिथियम सेलची, ११.१ व्होल्ट. मेमध्ये शेडमध्ये चार्जिंग करू नका. ४५ अंशांच्या वर हे सेल चार्ज करायचे नसतात आणि पत्र्याखाली दुपारी तेवढं सहज होतं. रात्री, घरात.

आता जे सुटलेलं नाही ते. शेडची फरशी अजून काळ्या मातीवरच आहे. म्हणजे खांब स्थिर आणि शेड हलती. दारात ४५ सेंमीचा बिजागरीचा पूल टाकलाय, दोन्ही टोकांना थ्रेडेड रॉड. मेअखेर एकदा आणि पोळ्याच्या सुमारास एकदा तो जुळवावा लागतो, फरक १० मिमीच्या घरात. नवीन शेड बांधणं हा उपाय आहे. पण एवढ्या तेवढ्यासाठी नवीन शेड बांधणाऱ्याला मी स्वतःच चार प्रश्न विचारीन.

आणि दिसणं. खांबांना वेल चढवा म्हणतात. वेलाला पाणी लागतं, पाणी मातीत जातं, म्हणजे आणखी एक कूलर. कुंड्या ठेवल्या आहेत. लपत काहीच नाही.

जुन्या पट्टीचे दोन मीटर लिंबाखाली मुद्दाम ठेवलेत, मोजण्यासाठी. मेमध्ये तिथली भेग दाखवली की लोक मान हलवतात. ऑगस्टमध्ये ती इतकी मिटते की हॅकसॉचं पातंही जात नाही. पाहुणे बहुतेक ऑगस्टमध्येच येतात, वाकून बघतात आणि म्हणतात, "इथं तर सगळं लेव्हलमध्येच आहे की."