डायनासोरांच्या मागचं पुस्तक

ग्रंथालयात साठा पडताळणीचा तिसरा दिवस होता. दाखल नोंदवहीतल्या नोंदी फळीवरच्या पुस्तकांशी ताडायच्या, न सापडलेल्यांपुढे खूण करायची. बालविभागात हे काम चिकाटीचं, कारण मुलं पुस्तक काढतात एकीकडून आणि ठेवतात हात पोचेल तिथे.

विषयाचा वर्गीकरण अंक ५६७.९, म्हणजे डायनासोर. त्या रांगेमागे, भिंतीला टेकवून आडवं ठेवलेलं एक पुस्तक हाताला लागलं. पाठीवर अंक १५५.९३७. मृत्यू आणि मागे राहिलेल्यांचं दुःख, खास मुलांसाठी लिहिलेलं, जेमतेम साठ पानांचं. गेल्या दोन महिन्यांत मी ते इथूनच काढून दोनदा जागेवर ठेवलं होतं. या वेळी पान ३१ वर वहीच्या कागदाची पट्टी होती.

चुकून राहिलेलं पुस्तक रांगेत घुसतं किंवा वरच पडून असतं. खूण घालून मागे जात नाही. कॉम्प्युटरवर पाहिलं, वर्षभरात एकदाही घरी गेलेलं नव्हतं. कोपरे मात्र मऊ पडलेले.

सहकाऱ्याने ते जागेवर नेण्यासाठी हात पुढे केला. "राहू दे तिथंच," मी म्हटलं. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी १९३१ मध्ये मांडलेली ग्रंथालयाची पाच सूत्रं आम्ही परीक्षेसाठी घोकलेली असतात. तिसरं सूत्र, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. याला तो मिळाला होता, आणि दोनदा मी त्यांची गाठ तोडली होती. यादीत 'सापडलं' लिहिलं आणि पुस्तक होतं तसं ठेवलं.

चारच्या सुमारास तो आला. दहा-अकरा वर्षांचा, आमच्या लेखी डायनासोरवेडा मुलगा. नेहमीसारखा फळीपाशी जमिनीवर बसला. सरळ जाऊन विचारलं असतं, तर पुन्हा आला नसता. वाचक पहिल्यांदा जे विचारतो ते बहुतेकदा त्याला खरं विचारायचं नसतं, आणि मुलांच्या बाबतीत तर अजिबात नाही. मी शेजारचं कपाट लावत राहिले.

बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "ताई, ती उल्का पडली तेव्हा सगळे एकदम मेले का?"

मी खाली बसले. सांगितलं, ६.६ कोटी वर्षांपूर्वीची गोष्ट. जवळचे लगेच गेले. बाकीच्यांचं हळूहळू झालं. धुळीने सूर्य झाकला, झाडं वाळली, मग झाडं खाणारे गेले, मग त्यांना खाणारे. पक्षी तेवढे त्यांच्यातलेच, ते उरले.

तो पानावरच्या चित्राची कड नखाने दाबत होता.

"माझे बाबा पण एकदम नाही गेले."

मी काही बोलले नाही. थोड्या वेळाने त्याने रांगेमागून पुस्तक काढलं आणि माझ्याकडे बघितलं. घरी का नेत नाहीस, विचारलं.

"आईच्या फोनवर मेसेज येतो ना. पुस्तकाचं नाव येतं त्यात. ती रडेल."

तो मेसेज मीच मागून घेतला होता. पुस्तकं वेळेवर परत यावीत, पालकांना कळावं, म्हणून. मुलाने काय वाचलं हे आपण घरी पोचवतोय, हे माझ्या मनात आलंच नव्हतं. मोठ्यांच्या नोंदी आम्ही कुणाला दाखवत नाही. दहा वर्षांच्या मुलाला तेवढंच झाकलेपण का नसावं, याचं उत्तर मला त्या दिवशी देता आलं नसतं, आजही येत नाही.

"हे जागेवर ठेवायला लागेल का?" त्याने विचारलं.

"नाही. इथंच असेल. कुणी हलवणार नाही."

आईशी बोल, असं मी त्याला म्हटलं नाही. कधी वाटलं तर माझ्याशी बोल, एवढंच म्हटलं.

मुलांच्या मेसेजमधून पुस्तकाचं नाव काढून फक्त परतीची तारीख ठेवायला दोन बैठका लागल्या. पालकांना कळायला नको का, असा प्रश्न आला. तो चुकीचा नव्हता. मी मुलाबद्दल काहीच न सांगता माझं म्हणणं रेटलं.

पुढच्या आठवड्यात फळ्या पुसताना हात रांगेमागे गेला. पुस्तक तिथंच होतं. पट्टी कुठल्या पानावर आहे, ते मी पाहिलं नाही.