डबे उन्हात, माणसं सावलीत

मे महिन्यातली गोष्ट आहे, आणि गाव आपल्या खान्देशातलंच, नाव टाकत नाही कारण अजून तिथेच कामाला आहे. पालिकेने स्वच्छतेच्या कामाला जी एजन्सी लावलीय तिच्याकडे मी वॉर्ड कोऑर्डिनेटर आहे, म्हणजे घरोघरी जाऊन ओला-सुका समजावणं, घंटागाडीचं रजिस्टर बघणं आणि रस्त्यावर ते निळे-हिरवे जोडीचे डबे असतात ना, निळा सुक्याचा आणि हिरवा ओल्याचा, ते कुठे बसवायचे हे ठरवणं. हे शेवटचं काम सगळ्यांना एकदम सोपं वाटतं. बाजारपेठेत पन्नास ते शंभर मीटरवर एक जोडी, फुटपाथला बोल्ट मारायचे, लोकेशनसकट फोटो अपलोड करायचा, झालं. मीही तसंच केलं होतं, जानेवारीत, चार दिवसांत अख्ख्या वॉर्डाचा नकाशा तयार.

मे उजाडेपर्यंत त्या डब्यांची तक्रार इतकी वाढली की मीटिंगमध्ये साहेबांनी सरळ सांगितलं, स्टँड ते भाजी मंडई रोडवरचे सगळे डबे उचला, आपल्या लोकांना शिस्तच नाही, डबे रिकामे आणि कचरा रस्त्यावर, उगाच बदनामी. मला ते फार लागलं. शिस्त नाही हे वाक्य मी सहा महिन्यांत इतक्या वेळा ऐकलंय, आणि दरवेळी ते म्हणणारा माणूस एसीत बसलेला असतो. मी म्हटलं सर एक दिवस द्या, मी तिथे बसते आणि बघते नेमकं काय होतं ते. ते म्हणाले बसा, पण सोमवारी डबे उचलले गेले पाहिजेत.

शनिवारी पहाटे साडेपाचला गेले. वही, दोन लिटर पाणी, डोक्याला रुमाल.

तिथे माझ्या आधीच एक मावशी हजर होत्या, खांद्यावर पोतं. मी त्यांना रोज ओझरतं बघायचे पण काम करताना कधी थांबून बघितलं नव्हतं. निळ्या डब्यात वाकून त्या एकेक पाण्याची बाटली काढत होत्या, बूच पिरगाळून काढायचं, ते वेगळ्या पिशवीत टाकायचं, उरलेलं पाणी ओतायचं, बाटली पायाखाली चेपायची आणि पोत्यात. एका बाटलीला चार-पाच सेकंद. बूच का काढता विचारलं तर म्हणाल्या, भंगारवाला बाटली वेगळी घेतो, बूच वेगळं, प्लास्टिकच वेगळं असतं ते. बरोबर आहे, बाटली पीईटीची आणि बूच दुसऱ्या जातीच्या प्लास्टिकचं, मी ट्रेनिंगमध्ये स्लाईडवर बघितलेलं, त्यांना हाताने माहिती. मग त्यांनी एक बाटली माझ्यासमोर धरली, आतून-बाहेरून उसाचा रस आणि वर केळीची साल चिकटलेली. "हाई कोनी घेत नही," म्हणाल्या, आणि परत डब्यात टाकून दिली.

ती बाटली दिवसभर माझ्या डोक्यात होती. सुक्यात ओलं गेलं की सुकंही गेलं, हे मी शंभर घरांत सांगितलंय. रस्त्यावर मात्र ते कोणामुळे होतंय याचा विचार केला नव्हता.

नऊपर्यंत ठीक चाललं होतं. चहावाल्याचे कागदी कप बरेचसे निळ्या डब्यात जात होते. (तेही पूर्ण कागदाचे नसतात, आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, त्यामुळे रद्दीवालाही घेत नाही.) दहा वाजले, ऊन चढलं आणि माझ्या डोळ्यांसमोर तो रस्ता बदलला. सांगते कसा. रस्ता पूर्व-पश्चिम जातो. उत्तरेच्या फुटपाथवर माझे डबे, पाच जोड्या, सगळे एका रांगेत. आणि माणसं सगळी दक्षिणेला! तिकडे दोन कडुनिंब आहेत, रसवंतीची ताडपत्री आहे, मोबाईलच्या दुकानाचं छप्पर पुढे आलेलं आहे. लग्नाच्या खरेदीला आलेल्या बाया, लहान पोरं, स्टँडवरून उतरलेले पॅसेंजर, सगळे त्या पट्ट्यात चिकटून उभे. इकडे माझ्या बाजूला चिटपाखरू नाही.

मी वही उघडी ठेवून नुसती बसून राहिले काही वेळ. जानेवारीत मी सर्व्हे सकाळी केला होता. थंडीत सूर्य दक्षिणेकडून असतो, उत्तरेच्या फुटपाथवर मस्त कोवळं ऊन येतं, लोक तिथेच चहा घेऊन उभे होते, मी माणसं मोजली आणि तिथे डबे लावले. आता मे. आपल्याकडे मेच्या शेवटी भर दुपारी सूर्य इतका बरोबर डोक्यावर येतो की खांबाची सावली खांबाच्या पायाशीच पडते. बिल्डिंगची सावलीच उरत नाही, उरतं ते झाड नाहीतर ताडपत्री. नकाशा चुकला होता, आणि तो मी केला होता, लोकांनी नाही.

मग मी मोजायला लागले की रिकामा कप, बाटली, पुडी हातात आल्यावर माणूस ती किती पावलं नेतो. बहुतेक जण दहा-बारा पावलांपर्यंत धरतात, नजर फिरवतात, हे मी परत परत बघितलं, नजर खरंच फिरते, डबा शोधते. नाही दिसला की हात खाली जातो. एका पोराने पाण्याची बाटली संपवली, पलीकडे माझा डबा बघितला, मधला रस्ता बघितला, ४४ डिग्री ऊन आणि रिक्षांची गर्दी, आणि बाटली कडुनिंबाच्या आळ्यात उभी करून ठेवली. फेकली नाही, नीट उभी केली. त्याच्या शेजारी आधीच सहा बाटल्या तशाच उभ्या होत्या. याला शिस्त नाही कसं म्हणायचं?

एक वाजता मी रस्ता ओलांडून स्वतः कप टाकायला गेले. स्टीलचं झाकण, ढकलून उघडायचं. हात लावला आणि चटका बसला, बोटं लाल. तेव्हा कळलं की जे थोडे लोक येतात ते निळ्या-हिरव्यातला ज्याचा फ्लॅप आधीच अडकून उघडा राहिलाय त्यातच का टाकतात. रंग बघून नाही, ज्याला हात लावावा लागत नाही त्यात. दोन्ही डब्यांत सगळं का मिसळतं याचं निम्मं उत्तर मला त्या झाकणात मिळालं.

उरलेलं उत्तर रसवंतीवाल्या आप्पांनी दिलं. ते सकाळपासून मला बघत होते, शेवटी एक ग्लास रस घेऊन स्वतःच आले. "ताई, तू त्या डब्याची राखण करून राहिली का?" मी सांगितलं काय करतेय ते. मग म्हणाले, "अवं उनमा कोन जास तठे? सावली आठे शे, लोके आठे शेतस." (उन्हात तिथे कोण जाईल? सावली इथे आहे, लोक इथे आहेत.) आणि मग जे बोलले ते महत्त्वाचं, की दुपारी त्यांची चिपाडं हिरव्या डब्यात टाकली की तासाभरात डबा भरतो, मग लोक केळीच्या साली निळ्यात टाकतात. मी विचारलं तुमचा स्वतःचा डबा का नाही, कारण २०१६ च्या घनकचऱ्याच्या नियमात हातगाडी-ठेलेवाल्यांनी आपला कचरा साठवायला भांडं ठेवायचंच असं होतं. ते म्हणाले मला कोणी सांगितलं नाही, पावती मात्र दोनदा फाडली. मी ताबडतोब माफी मागितली, कारण सांगायचं काम माझंच होतं.

संध्याकाळी सातला टिपर, म्हणजे डबे रिकामे करणारी गाडी, आला. त्याला मधोमध पार्टिशन आहे, ओलं एकीकडे, सुकं एकीकडे. ड्रायव्हरने दोन्ही डबे एकाच कप्प्यात उलटे केले. माझा संताप झाला, मी धावत गेले, भाऊ हे काय करताय, दिवसभर लोक बघतात ना! तो शांतपणे म्हणाला, मॅडम डब्यात वाकून बघा. बघितलं. निळ्यात साली, हिरव्यात बाटल्या. "आता यातलं ओलं कोणतं, तुम्हीच सांगा, मी वेगळं करतो." काय सांगणार. साखळी टिपरपाशी तुटलीच नव्हती, ती सकाळी दहालाच तुटली होती, सावली सरकली तेव्हा.

रविवारी घरी बसून सगळं लिहून काढलं, फोटो लावले, त्या सात बाटल्यांचा फोटो सगळ्यात वर. सोमवारी साहेबांनी तो फोटो बराच वेळ बघितला आणि म्हणाले एक महिना देतो. पाचपैकी दोन जोड्या काढल्या, तीन पलीकडे नेल्या, दोन कडुनिंबांखाली आणि एक मोबाईलच्या दुकानाच्या छपराखाली. निळ्या डब्यांची झाकणं काढून वर बाटलीपुरतं गोल भोक असलेला पत्रा बसवला, वेल्डिंगवाल्याकडून, म्हणजे हात लावायचं कामच नाही आणि केळीची फणी काही सहज जात नाही. उंचीही मावशींना विचारून कमी केली, त्यांचा हात तळाला पोचला पाहिजे, नाहीतर त्या डबा आडवा करतात आणि मग आपणच ओरडतो. आप्पांनी चिपाडासाठी ड्रम आणला, तो आता एक म्हैसवाला रोज रात्री घेऊन जातो, हे त्यांनी आपसातच ठरवलं, मी काही केलं नाही.

सगळं सुधारलं असं नाही. गुटख्याच्या पुड्या अजून खालीच पडतात (राज्यात २०१२ पासून बंदी आहे तरी), आणि त्या पुडीला भंगारवालाही हात लावत नाही. पण परवा मावशी भेटल्या, पोतं दाखवलं, म्हणाल्या आता चिकट बाटल्या कमी शेतस, सात वाजेपर्यंत पोतं भरून जातं.

काल पहिला पाऊस झाला. कडुनिंबाखाली कोणी थांबत नाही आता, थेंब गळतात वरून, सगळी गर्दी मंडईच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेलीय आणि तिथे आपली एकही जोडी नाही. गुरुवारी बाजाराचा दिवस आहे, वही घेऊन परत बसतेय.